रस्त्यावरची कमळं

छत्रपती संभाजीनगर,
बुधवार

प्रिय लीलामावशी,

तुझा पाय कसा आहे? फोनवर विचारलं की तू "बरंय" म्हणतेस आणि लगेच फोन विशाखाकडे देतेस. मग मला तुझ्याशी जे बोलायचं असतं ते राहून जातं. म्हणून लिहायला बसलोय. खुलताबादला डोंगरावर सकाळी चांगलीच थंडी असेल, मोजे घालूनच बाहेर पड. आई म्हणते, "लीलीला सांग, काठी हातात धरायला असते, खुंटीला टांगायला नसते." पाचोडच्या शाळेत तुम्ही दोघी मैत्रिणी एका बाकावर बसायचात तेव्हापासून ती तुला असंच बोलते म्हणे, म्हणून जसंच्या तसं लिहिलं. रविवारी चिकलठाण्याचे पाहुणे विशाखाला बघायला येणार आहेत, हेही आईकडूनच कळलं. त्याबद्दल शेवटी लिहितो. आधी दुसरी बातमी आहे.

भीमजयंतीला तू आमच्याकडे आलीस तेव्हा जे झालं, त्यावर आपण कुणीच पुन्हा बोललो नाही. आमच्या दारासमोरच विहार, मध्ये फक्त रस्ता. तू पांढरी साडी नेसून एकटीच निघालीस आणि मध्यावर अडकलीस. एकीकडून रिक्षा, दुसरीकडून मोटारसायकली, सगळे हॉर्न वाजवतायत. शेवटी दोघा जणांनी तुला उचलून अलीकडे आणलं. तू रागावली नाहीस, रडलीही नाहीस. चहा न घेता पिशवी भरलीस आणि आईला म्हणालीस, "आशा, तुझ्या घरी जीव रमतो. पण तुझ्या रस्त्यावर मला माणसासारखं चालता येत नाय. मी आता यायची नाय." त्या दिवसापासून मी हा रस्ता तुझ्या डोळ्यांनी बघतोय. बातमी त्याच रस्त्याची आहे.

महापालिकेनं तो बदलून बघायचं ठरवलं. आधी आठवडाभर नुसता रंग आणि प्लास्टिकचे खांब लावून चाचणी. लोकांना पटलं तरच दगडाचं पक्कं काम, नाहीतर सगळं पुसून पुन्हा पहिल्यासारखं. दोन्ही बाजूंना चालणाऱ्यांसाठी रुंद पट्टा, मधून गाड्यांना जायला एक आणि यायला एक अशी सरळ वाट, रिक्षांचा थांबा चौकाच्या पुढे, हातगाड्यांना ठरलेल्या जागा. आणि ओलांडायच्या ठिकाणी रस्त्याच्या मधोमध थांबायला एक ओटा. ही सगळी आखणी महापालिकेच्या सोनिया मॅडमची. रंगाचं काम मला मिळालं. फ्लेक्स आल्यापासून माझ्याकडून पाट्या रंगवून घेणारं कुणी उरलेलं नाही, त्यामुळे ब्रश कितीतरी दिवसांनी हातात आला. मॅडम म्हणाल्या, "नुसता पट्टा नको. असं काहीतरी सुंदर काढ की लोकांना त्यावरून चालावंसं वाटेल." मावशी, मी जीव ओतला. कमळं काढली. बैलगाडीच्या चाकाएवढी, गुलाबी, प्रत्येक पाकळीला पांढरी कड. पाकळ्या सारख्या आल्यात की नाही हे बघायला पुन्हा पुन्हा शिडीवर चढत होतो. मॅडमनी फोटो काढून सगळ्यांना पाठवले.

सकाळी रस्ता सुरू झाला आणि एकही माणूस कमळावरून चालेना! सगळे पट्ट्याच्या कडेकडेनं, नाहीतर सरळ खांबांमधून गाड्यांच्या वाटेत. वाट आधीच अरुंद केलेली, त्यात माणसं उतरली, मग असा खोळंबा झाला की विचारू नकोस. मला वाटलं, रंग ओला आहे समजून चुकवत असतील. मी "वाळलाय, वाळलाय" ओरडत पळत सुटलो. लिंबं विकणाऱ्या दगडाबाईनं मला थांबवलं. "वाळलाय ते दिसतंय रे बाबा. कमळावर तथागत बसतात. मी चप्पल घालून जाऊ व्हय त्याच्यावरून?" तिच्याकडे लिंबं घेणारी बाई म्हणाली, "आमची तर लक्ष्मी बसते." केळीवाल्या चाचांनी गाडी आडवी लावून हातच जोडले, "बेटा, इत्ते अच्छे फूलां पे पांव कैसे रखूं?" समोर कापडाच्या दुकानातले तात्यासाहेब तर आधीपासूनच चिडलेले, दारातली गाड्या लावायची जागा गेली म्हणून. ते गल्ल्यावरूनच ओरडले, "रांगोळी झाली, आता पंगत कधी बसवता?" पाहणीला आलेले साहेबसुद्धा बोलता बोलता कमळ चुकवून उडी मारून गेले. मॅडम माझ्याकडे बघतात, मी मॅडमकडे. घरात रांगोळी असली की मी स्वतः अंग वाकडं करून जातो, आणि हे माझ्या डोक्यात आलं नाही!

संध्याकाळी आई डबा घेऊन आली आणि सगळं ऐकून एवढी हसली की तिला तिथंच टेकावं लागलं. मॅडम म्हणाल्या, कमळं पुसून पावलं काढू या, म्हणजे लोकांना कळेल. आई म्हणाली, "बाई, पावलं काढली तर उद्या त्यांना हळदकुंकू लागंल." मग तिनं माझ्या हातातला खडू घेतला आणि जमिनीवर चौकटी ओढायला लागली. लंगडी घालत खेळायची ठिकरीची घरं! "ह्यात पाय ठेवल्याशिवाय कुणाला राहवणार नाय," म्हणाली. कमळांवर राखाडी रंग फिरवताना मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण घरं मी पिवळ्या रंगात अगदी काटकोनात काढली.

दुसऱ्या दिवशी पहिली उडी दगडाबाईनं घेतली. पदर खोचला, टोपली केळीवाल्या चाचांकडे दिली आणि एका पायावर टुणटुण शेवटच्या घरापर्यंत. मग कॉलेजच्या मुली, मग दोन नर्सबाई, मग दूध घेऊन येणारे गृहस्थ. ज्यांना उड्या मारायच्या नव्हत्या ते नुसते घराघरांतून चालत गेले, पण पट्ट्यावरून गेले! गाड्यांची वाट मोकळी झाली. रिक्षावाले सांगतात, हॉर्नकडे हातच जात नाही. आणि तात्यासाहेबांच्या चतुराबाई, गुडघ्यांमुळे घराबाहेर न पडणाऱ्या, हळूहळू चालत दुकानात येऊन बसल्या, त्या रोजच यायला लागल्या. तात्यासाहेब मला म्हणतात, "रस्ता तुम्ही केला आणि कारभारीण आणून बसवली माझ्या डोक्यावर. चहासुद्धा चोरून पिता येत नाही." पण शेवटच्या दिवशी सभेत आधी तेच उठले. "गाड्या लावायची सोय मागच्या गल्लीत करून द्या. हा रस्ता मात्र पुसू नका. हिला आता घरात बसवणं माझ्या हातात राहिलेलं नाही." सगळी सभा हसली आणि पक्कं काम मंजूर झालं. गेल्या आठवड्यात ओलांडायच्या जागेचं दगडकाम पूर्ण झालं.

आता एक गोष्ट सांगतो, हसू नकोस. मी रोज हातात काठी घेऊन, उजवा पाय ओढत, तुझ्या चालीनं हा रस्ता ओलांडून बघतो. लोक आईला विचारतात, "पोराला काय झालं हो?" ती म्हणते, "झालंय खरं, पण पायाला नाय." मधल्या ओट्याची कड पायाला अडत होती. मॅडमना सांगितलं, त्यांनी दगड घासून उतरता करून दिला. ओट्यावर धरायला दांडाही बसवलाय. मी थंडीत हात लावून पाहिला. फार गार लागतो, तेवढा पदर हाताला गुंडाळ.

मावशी, आता रविवारचं. चिकलठाण्याचा मुलगा इंजिनिअर आहे, माझी शाळा नववीतच सुटली. त्यांच्या इमारतीला लिफ्ट आहे, फाटकाच्या आत बाग आहे, आणि तुलाही सांभाळू असं ते म्हणालेत. चांगली माणसं असणार. पण मी तुला सांभाळू म्हणणार नाही. सांभाळून घ्यावं अशी तू नाहीसच. तू आमच्या घरी राहावंस, सकाळी उठून आईशी भांडावंस, संध्याकाळी स्वतःच्या पायांनी विहारात जावंस, वाटेत दगडाबाईशी लिंबांवरून घासाघीस करावीस, असं मला वाटतं. विशाखाला मी दिवाळीत लग्नाचं विचारलं होतं. ती हो म्हणाली. पण पुढे म्हणाली, "आईला मागं ठेवून मी येणार नाही. आणि आईला हे सांगू नकोस, ती माझ्यासाठी मन मारून हो म्हणेल." तिचं ऐकून इतके दिवस गप्प बसलो. आता दार ते विहार रस्ता तयार आहे, म्हणून लिहितोय. हे पत्र मुलगी मागायला नाही, तुला मागायला लिहिलंय. शनिवारी ये. संध्याकाळच्या वंदनेला एकटी जा आणि एकटी परत ये. मी हात धरायला येणार नाही. मग मन मारून नको, मनापासून काय ते सांग. ओट्यावर हवी तेवढी थांब, गाड्या थांबतात आता. मीही थांबेन.

तुझाच,
प्रणय