कॅमेरा चारची आठ मिनिटं

प्रिय बाबा,

आधी जे घडलं ते क्रमाने लिहिते. मत नंतर.

१. अंतिम शर्यतीच्या दिवशी दुपारी चार वाजून बारा मिनिटांनी माझा हेडफोन बंद पडला. दिग्दर्शकाच्या सूचना ऐकू येईनात.
२. बदली कॅमेरामन म्हणून तुम्ही मचाणावरच होतात. कॅमेरा चार तुमच्याकडे देऊन मी दुसरा हेडफोन आणायला खाली गेले.
३. चार वीसला परत आले. शर्यत संपली होती.
४. चार सतराला त्या कॅमेऱ्याने टिपलेल्या दृश्याला क्रीडा प्रक्षेपणाचा यंदाचा उत्कृष्ट छायांकन पुरस्कार जाहीर झाला आहे. माझ्या नावाने.

प्रवेशिका दिग्दर्शकाने पाठवली होती, कामाच्या यादीतलं नाव बघून. मी ते दृश्य निकालानंतरच पाहिलं. बाकी सगळे कॅमेरे जिंकलेल्या मुलीच्या मागे, आणि चार नंबर मात्र चौथ्या आलेल्या मुलीवर. ती गुडघ्यांवर हात टेकून उभी राहते आणि मग एकाएकी हसायला लागते. बेचाळीस सेकंद. मी तुम्हाला फोन केला तर म्हणालात, "अगं, मी नुसता धरून उभा होतो. तूच घेतलं असशील आल्यावर." आणि फोन आईकडे दिलात. वेळ चित्रावरच छापलेली असते, हे तुम्ही मला शिकवलंत. तुम्ही विसरलात हे मला पटत नाही.

मग मी अदलाबदलीची वही काढली. कॅमेरा एका हातातून दुसऱ्या हातात गेला की दोघांनी सही करायची. चालू कॅमेरा आणि रडतं मूल सहीशिवाय कुणाच्या हाती देऊ नये, असं तुम्ही सांगायचात. त्या पानावर माझी सही आहे. तुमची जागा कोरी आहे. तीस वर्षांत पहिल्यांदा.

मला संशय आला, आणि रागही. वाटलं, मुद्दाम केलंत. ऑफिसात आधीच कुजबुज असते, हिची फ्रेम बाप लावून देतो म्हणून. तुमचं दोनदा नामांकन झालं आणि दोन्ही वेळा तुम्ही टाळ्या वाजवून घरी आलात. आता मुलीला तरी मिळावा म्हणून गप्प बसलात, असं मी धरून चालले. पुरस्कार म्हणजे वाढदिवसाचा फ्रॉक नव्हे, मापाचा आणून गुपचूप उशाशी ठेवायला. तुम्हाला तसं सुनावणारं एक पत्र मी लिहिलंही होतं. ते पाठवलं नाही, कारण त्याआधी परीक्षकांचा अभिप्राय वाचला. त्यांनी लिहिलंय, "चौकट हलकेच थरथरते, जणू कॅमेराही तिच्याबरोबर धापा टाकतो आहे."

तुमची चौकट थरथरत नाही, बाबा. दुसऱ्या कुणाची हलली की तुम्हीच विचारायचात, याला ताप आहे का.

मी ती बेचाळीस सेकंदं एकेक फ्रेम पुढे सरकवून मोजली. मला मोजपट्टी म्हणता, तर म्हणा. सेकंदाला पंचवीस फ्रेम, आणि दर पाच फ्रेमला एक हेलकावा, म्हणजे सेकंदाला पाच. वारा म्हणावा, तर त्याच मचाणावरचा कॅमेरा तीन स्थिर आहे. लेन्स इतकी लांबवली की हाताचं जे डोळ्याला दिसत नाही, ते पडद्यावर दिसतं.

मग बाकीचं आपोआप जुळत गेलं. गेल्या खेपेला मी घरी आले तेव्हा तुम्ही अर्धाच कप चहा मागत होतात, भरलेला नको म्हणत. बटणांचे शर्ट कपाटात आणि अंगात टी-शर्ट. माझ्या वाढदिवसाच्या कार्डावरचं अक्षर आईचं होतं, खाली "बाबा" हेसुद्धा. मी विचारलं तेव्हा आईने विषय बदलला. तिलाही तुम्ही गप्प बसवलंय, असा माझा अंदाज आहे.

तुम्ही मला बक्षीस दिलं नाहीत. तुम्ही सही टाळलीत, आणि त्या सहीबरोबर ते दृश्यही सोडून दिलंत. तुमचं नाव पुढे आलं तर कुणीतरी चित्रफीत नीट बघेल आणि मला दिसलं ते त्यालाही दिसेल, ही तुमची भीती आहे. ती खोटी नाही. कदाचित तुम्हाला कॅमेऱ्यावरून उतरवतीलही. पण मी खोट्या नावाने मंचावर जाणार नाही, आणि तुम्हाला न विचारता खरं नावही देणार नाही. म्हणून हे पत्र. फोन तुम्ही पुन्हा आईकडे दिला असता.

नाव बदलायची मुदत गुरुवारपर्यंत आहे. मेंदूविकाराच्या डॉक्टरांची वेळ शुक्रवारी सकाळी दहाची घेतली आहे, मी बरोबर येणार आहे. ती वेळ नावावर अवलंबून नाही. नावाचं काय करायचं ते मला बुधवारपर्यंत कळवा. लिहून कळवा, स्वतःच्या हाताने. अक्षर हललं तरी मला वाचता येईल.

तुमचीच,
मोजपट्टी