रुळांकडेची भेग

८ फेब्रु.
टेबलावरच्या खेळातल्या रेल्वेला गवत हवं म्हणून भुसा हिरवा रंगवला. पहिला घाणा पोपटाच्या पिसासारखा. दुसऱ्यात चिमूटभर तांबडी काव टाकली, तेव्हा कुठं गवतासारखा दिसला. चहाचा चोथा वाळवून, बायकोच्या मैद्याच्या चाळणीनं चाळून रुळांकडेला पसरला. मालन: "आता ह्या चाळणीच्या करंज्या तुम्हीच खावा." रिटायर झाल्यापासून पहिल्यांदाच दिवस कमी पडला.

११ फेब्रु.
काल गोंद पातळ करून सिरिंजनं थेंब थेंब सोडलेला. आज सगळं गवत घट्ट. फक्त भिंतीकडच्या रुळाला धरून केसाएवढी भेग. गोंद कमी पडला असणार. चोथा भरला, वर भुसा. दिसत नाही आता.
शेजारच्या प्लॉटवर तळघराचं खोदकाम सुरू. कपबशा वाजतात.

१५
भेग परत. तिथंच. काडेपेटीची काडी आत जाते. टेबल हललं म्हणावं तर पाय जागेवर. दुसरी बाजू भिंतीत ठोकलेल्या अँगलवर. भिंत कशी हलेल?
एवढं लिहिलं आणि उठून पलीकडं अक्काच्या खोलीत गेलो. थोरली बहीण, दोन वर्षं अंथरुणावर. खोदकामाकडची ही भिंत तिच्या खोलीपर्यंत सलग, कॉट तिलाच लागून. उशीवर पांढरी पूड. म्हणाली, "तुझ्या खेळातला भुसा हितं कशाला उडवतोस रं?"
भुसा नव्हता. चुना होता.

१६
खोदकामाच्या मुकादमाकडं गेलो. "पावणं, जुनं घर हाय, तडं जायचंच की." खड्ड्यात वाकून बघितलं. आमच्या भिंतीचा पाया उघडा पडलाय. कडेचे दगड अधांतरी. नगरपालिकेत तक्रार देऊन आलो. "बघतो" म्हणाले.
मालनला दगडांचं बोललो नाही.

१८, सं.
ओळखीचे इंजिनियर येऊन गेले. भिंतीआधी टेबलाकडंच गेले, भेगेत बोट घालून बघितलं. "कधीपासून?" मग हळूच, "आजींना आजच हलवा."
अक्का ऐकेना. "हितंच आईनं जीव सोडला. मी न्हाय हलणार." पुढच्या खोलीत तरी चल म्हटलं, तर तोंड फिरवलं. मालन रडली. मग अक्काच विरघळली. "रडू नगो बाई. उद्या जाऊ की." कुरुंदवाडला, भाचीकडं. गाडी सांगितली.
उचलून न्यायला पाहिजे होतं. पण ती ओरडली असती, आणि...

१९, स.
गाडी दारात. अक्काच्या खोलीचं दार उघडंना. चौकट तिरकी झालीय. खांदा लावणार होतो, एवढ्यात इंजिनियर फोनवर ओरडले, "दाराला हात लावू नका! वरचं वजन त्याच्यावर आलं असंल." फायर ब्रिगेड निघालीय म्हणतात. खिडकीला गज. मुकादमानं मशीन बंद केलंय, आता. मालननं गजांतून हात घातलाय, कॉटपर्यंत पोचत नाही. मी शेजारी स्टुलावर. नुसतं बसवत नाही म्हणून लिहितोय.
अक्का: "चिडीचूप का रं झालासा सगळी? बोला की कायतरी."
काय बोलू? कुरुंदवाडचं बोलतोय. घाट, भाचीची पोरं, तिच्या दारातली म्हैस. अक्का विचारते, "व्याली का ती?" व्याली म्हणतो. मला काय माहीत.
बोलत राहिलोय. थांबलो की वर काहीतरी सरकल्याचं ऐकू येतं.