भिंतीकडची खुर्ची

वाल्डॉर्फ, रविवार, १२ ऑक्टोबर २००३

दमले आज. ती खुर्ची काही डोक्यातून जात नाही.

सासरे इथे आल्यापासून भिंतीकडच्या खुर्चीतच बसतात, तोंड दाराकडे. एकाहत्तरच्या लढाईपासूनची सवय. हट्ट म्हणावा, तर दुसरा कुठलाच हट्ट नाही त्यांचा.

आज खालच्या मजल्यावरचे जर्मन आजोबा कॉफीला आले. तेही तरुणपणी आघाडीवर होते. मी त्यांना दाराकडे पाठ करून बसवलं. सारखे मागे वळून बघत होते, केकला हात नाही. सासऱ्यांनी उठून आपली खुर्ची त्यांना दिली.

"बाबा, मग तुम्ही?"

"असू दे. तू जरा माझ्या पाठीमागं उभी राहा."

उभी राहिले, कॉफी संपेपर्यंत. पाय अजून दुखतायत. केक मात्र दोघांनी संपवला.