पाचोऱ्याची मातीची भिंत

आबा,

पाचोऱ्याच्या साइटवर हजेरीचं मस्टर तपासता तपासता मी मान वर केली, तर रांगेत तुम्ही उभे होतात. डोक्याला पंचा, हातात ओळंबा. मातीकाम जाणणारे गवंडी ठेकेदाराने धुळ्याहून आणलेत एवढंच मला माहीत होतं. त्यात माझे वडील असतील हे कोणी सांगितलं नव्हतं. तुम्ही इतरांसारखंच मला 'बाई' म्हणालात, अंगठा उमटवलात आणि कामाला लागलात. मीही ओळख दाखवली नाही. नोकरीला अजून वर्ष झालं नव्हतं, जळगावच्या ऑफिसात ओव्हरसियर म्हणून मी एकटीच बाई. आपला बाप इथे भिंती उचलतो हे साहेबांना कळू नये असं मला वाटलं. तुम्हाला ते न सांगताच समजलं होतं.

गावातल्या सफाई कामगारांसाठी बारा घरं बांधायची होती, न भाजलेल्या मातीच्या विटांची. मातीत थोडं सिमेंट, फैजपूरहून आणलेला केळीच्या खोडाचा वाख, म्हणजे धागा, बारीक कापून, आणि हाताच्या दाबयंत्रात पाडलेली वीट. भट्टी नाही, जळण नाही, आणि खानदेशच्या उन्हाळ्यात घर गार. ऑफिसात लोक हसत होते, आता पुन्हा मातीची घरं बांधणार का म्हणून. मी हसत नव्हते. धुळ्यात देवपूरच्या आपल्या पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात आई ओलं फडकं अंगावर घेऊन बसायची, ते मी पाहिलं होतं. हे काम जमलं तर बारा घरांवर थांबणार नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी तुम्ही मला पाण्याच्या टाकीमागे बोलावलंत. तळहातावर विटांच्या मातीची वळी करून दाखवलीत. ती मोडत नव्हती, नुसती वाकत होती. चिमूटभर जिभेवर ठेवलीत आणि म्हणालात, "बाई, पानी लागनं का हाई माती फुगी."

मी म्हणाले, पाण्याने फुगणार नाही, प्रयोगशाळेचा रिपोर्ट चांगला आलाय, तुम्ही काम करा. तुम्ही मान हलवलीत. रिपोर्ट चांगला होता हे खरंच होतं. पण विटांची माती जिथून येत होती त्या खाणीतून मी नमुन्याची पिशवी भरलीच नव्हती. खाण लांब, डोक्यावर ऊन, म्हणून रस्त्याच्या कडेचा मुरूम भरून पाठवला होता. सगळीकडची माती सारखीच असणार असं मी मनाला सांगितलं होतं.

पहिल्या घराची भिंत छातीइतकी आली होती. तीन दिवस तिच्यावर पाणी मारणं चाललं होतं. दुपारी मजूर बाया तिच्या सावलीत भाकरी खायला बसल्या होत्या. तुम्ही समोरून आलात, भिंतीला हात लावून पाहिलात आणि आरडाओरडा न करता एकेकीला उठवू लागलात. शेवटची बाई डबा उचलून निघाली आणि भिंत पोटातून फुगून खाली बसली. आवाज फार मोठा झाला नाही. धूळसुद्धा उडाली नाही, इतकी ती आतून ओली होती. त्या बाया बसल्या होत्या तिथे चिखलाचा ढीग होता आणि मी त्याच्याकडे बघत उभी होते.

संध्याकाळी साहेब जीपने आले. रिपोर्ट चांगला असताना भिंत पडली कशी, असं त्यांनी मला विचारलं. मी तोंड उघडायच्या आत तुम्ही पुढे झालात. "चूक मनी शे, साहेब. कालवताना मी पानी जास्त टाकं."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. तुम्हाला त्याच वेळी कामावरून काढलं आणि तुम्ही ओळंबा पंच्यात गुंडाळून बस स्टँडकडे चालू लागलात.

रविवारी मी देवपूरला आले. तुम्ही चुलीशी बसून ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी खात होतात. असं का बोललात, असं मी विचारलं. तुम्ही घास संपवलात. "तू खान पाहीच नही, हाई माले पयलाच दिन समजनं." तुम्हाला सगळं ठाऊक होतं, आणि ठाऊक असून तुम्ही ते स्वतःवर घेतलंत. मी रडले असते तर तुम्ही रागावला असतात, म्हणून रडलेही नाही. जेवण झाल्यावर तुम्ही मला पांझरेच्या काठी नेऊन चार ठिकाणची माती माझ्याकडून मळून घेतलीत, चौथ्या मातीला माझा हात बरोबर येईस्तोवर.

पाचोऱ्याची बारा घरं पुढे दुसऱ्या खाणीच्या मातीत उभी राहिली. तिचा नमुना मी स्वतः पायी जाऊन आणला, स्वतः मळून पाहिला. घरं अजून आहेत, लोक बघायला येतात. तुम्हाला मात्र पुन्हा कोणी मोठ्या कामावर घेतलं नाही. भिंत पाडणारा गवंडी म्हणून तुमचं नाव ठेकेदारांत झालं होतं. तुम्ही गेलात तोपर्यंत ते तसंच होतं.

आता मी नव्या ओव्हरसियरना मातीच्या बांधकामाचे धडे देते. त्या पडलेल्या भिंतीची गोष्ट दर वर्षी सांगते. आबा, चूक गवंड्याची होती असंच सांगते. गेल्या सोमवारीही तसंच सांगितलं.