क्लच नसलेली गाडी

सोमवार, ४ मार्च

गाडी आली! बिनक्लचची. नवऱ्याने परगावच्या नोकरीवरूनच ठरवली, रंगसुद्धा. मला विचारलं ते एवढंच — "सोमवारी घरी असशील ना?" जुनी गाडी एजंट घेऊन गेला.

सासरे दारात खुर्ची टाकून बसले होते. तीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवलेला माणूस! काठी टेकत आले, आत डोकावले, खाली दोनच पेडल दिसली. "हे काय, खेळणं आणलंय का?"

त्यांना आता चालवता येत नाही. जिन्यावरून पडल्यापासून डावा गुडघा वाकतच नाही, क्लच दाबणार कसा? म्हणून मी. आठवड्यातून तीनदा त्यांना गुडघ्याच्या व्यायामाला न्यायचं.

गुरुवार, ७ मार्च

खरं लिहायचं तर — आवडली मला. जुनी गाडी चौकात बंद पडायची. मागून हॉर्न, शेजारून सासरे, "हाफ क्लच! अगं, हाफ क्लच!" आता बिचाऱ्यांना ओरडायला काही उरलंच नाही.

आज वाटेत वाद घातला आम्ही. मजेचा. मी म्हटलं, मला गाडीत गिअर नकोत, कामावर जायच्या माझ्या सायकलला हवेत. त्यांचं बरोबर उलटं. "सायकलचा गिअर म्हणजे मांडी! गाडीत मात्र गिअर आपल्या हातात पाहिजे. नाहीतर गाडीच माणसाला चालवते."

"बाबा, गाडीला इंजिन आहे, त्याचं ते बघेल. सायकलवर इंजिन मीच. कुठे दमायचं, कुठे नाही, ते मीच ठरवणार ना?"

हसले. पडल्यापासून पहिल्यांदा.

रविवार, १७ मार्च

नवऱ्याचा फोन. "आता सायकल कशाला? कामालाही गाडीनेच जा. म्हणजे मधल्या सुट्टीत बाबांना नेता येईल." नणंदेलाही ते पटलं. ती दोन गल्ल्या पलीकडे राहते. तिच्या लेकीचा क्लास म्हणे माझ्या वाटेवरच आहे. नाहीये! "तुला काय वहिनी, नुसतं बसायचं तर आहे."

सगळ्यांना हो म्हणाले. का म्हणाले?

मंगळवार, २६ मार्च

सकाळी भाची. मग कामावर, दातांच्या लॅबमध्ये. सुट्टीत धावत घरी, सासरे, व्यायाम, परत लॅब. संध्याकाळी पुन्हा भाची. डबा गाडीत, सिग्नलला थांबून खाल्ला.

आज एका आजोबांच्या कवळीचे पुढचे दोन दात वाकडे लावले. मालकीणबाईंनी कवळी माझ्यासमोर ठेवली. "या माणसाने हसायचं कसं?" अकरा वर्षांत कधी असं ऐकून घेतलं नव्हतं. मेण वितळवून पुन्हा बसले.

सायकलवर पंचवीस मिनिटं लागायची. तेवढा वेळ कोणी हाक मारत नसे. चढ लागायच्या आधीच दुसरा गिअर, पाण्याच्या टाकीपासून चौथा, उतारावर सहावा. चुकलं की साखळी कडकडायची — पण चूक माझी असायची! गाडीत डावा पाय बेकार, हात बेकार. मीही एक सामान. इथून उचलायचं, तिथे ठेवायचं.

बुधवार, ३ एप्रिल

नणंदेने लेकीसाठी सायकल मागितली. "पडूनच आहे ना?" नवऱ्याला मेसेज केला. उत्तर दोन शब्दांचं. देऊन टाक.

दिली. हवा भरून दिली वर!

शुक्रवार, १२ एप्रिल

हाडांच्या डॉक्टरांकडे. गुडघा तपासला आणि सहज म्हणाले, "मग काय, जमतेय का गाडी?"

सासरे म्हणाले, "चालवते ना सूनबाई."

"तुमचं विचारतोय मी. उजवा पाय ठणठणीत आहे तुमचा. क्लच नसेल तर हरकत नाही, थोडा सराव करा — मुलाला तुमच्या फेब्रुवारीतच सांगितलं होतं मी. त्यांनीच फोन करून विचारलं होतं."

म्हणजे गाडी घ्यायच्या आधी! माहीत होतं त्याला.

 येताना अर्ध्या वाटेवर सासरे काचेकडे बघत म्हणाले, "मला वाटलं होतं, माझं संपलं."

गाडी बाजूला घेतली. 

शनिवार, १३ एप्रिल

नवऱ्याला मीच फोन केला. आधी उडवाउडवी. मग चिडला. "कुठे धडकले असते म्हणजे? बाबांना कळलं असतं तर ऐकले असते का ते? आणि तू आहेस की तिथे!"

तू आहेस की!

घाबरलाय तो, कळतं मला. वडील पडले तेव्हा तो इथे नव्हता, ते त्याला खातंय. पण त्यापायी आम्हा दोघांना कोंडायचं?

म्हटलं, "उद्यापासून बाबा सराव करणार. मी शेजारी बसणार." आणि फोन ठेवला. मी ठेवला! 

रविवार, १४ एप्रिल

शाळेचं रिकामं मैदान. सीट पार मागे सरकवली, सासऱ्यांचा ताठ पाय कसाबसा बसला. डावा पाय सारखा क्लच शोधतो — हलत नाही, पण मांडी ताणली जाते, दिसतं. पहिल्या वळणाला मी किंचाळले, "ब्रेक! ब्रेक!" थांबून माझ्याकडे बघितलं. "एवढं ओरडलं तर शिकणारा घाबरतो, सूनबाई."

किती हसलो दोघं!

बुधवार, २४ एप्रिल

रोज तासभर सराव. आज भर बाजारातून आणली गाडी. मी एकदाही ओरडले नाही.

सोमवार, २९ एप्रिल

सासरे व्यायामाला गेले. एकटे. खिडकीतून बघितलं, कोपऱ्यावर वळताना मागे पाहिलंसुद्धा नाही. मी आता नणंदेकडे निघालेय, चालत, सायकल आणायला. ती म्हणेल, दिलेली वस्तू कोणी परत मागतं का?

मागतं.