कुंपणाचं नाव आयबे

कोलोनजवळून, ४ ऑक्टोबर १९६४

ती. बाबांस,

सा. न. आई गेल्यापासून तुमचं पत्र चार ओळींच्या वर जात नाही. वेळेवर जेवता ना? राइमुंदोला कारखान्यात दिवसपाळी मिळाली. आमची सेलिना तीन वर्षांची झाली आणि सारा दिवस अंगणात असते. फाटकाशी कमरेएवढं हिरवं कुंपण आहे. त्याला मण्यांसारखी लाल, मऊ फळं आलीत, ती तोडून खाते. राइमुंदो म्हणतो, पोरगी माणसांपेक्षा पाखरांत वाढतेय. घरमालकिणीने कुंपणाचं नाव आयबे सांगितलं. ती पुढे बरंच बोलली, पण मला कळलं नाही आणि पुन्हा विचारायची लाज वाटली.

तब्येत जपा, आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची, डेल्फिना

विल्यार, अस्तुरियास, स्पेन, १० ऑक्टोबर

चि. डेल्फिनास अनेक आशीर्वाद.

तार मिळाली नसेल तर आधी ऊठ आणि सेलिनाला आत आण. आयबे म्हणजे तेशू. आपल्या चर्चपाशी उभा आहे तोच.

तुझ्या आईच्या वहीत पहिल्याच पानावर आहे. या झाडाला युरोपभर काय म्हणतात ते ती शाळा सांभाळून तेवीस वर्षं गोळा करत होती. आपला तेशू लॅटिनमधून आला. जर्मनांचं आयबे, फ्रेंचांचं इफ, इंग्रजांचं यू ही दुसऱ्याच घराण्यातली नावं, असं ती सांगायची. मी नुसता हो हो करायचो. काल तुझं पत्र आलं, तेव्हा तो शब्द कुठे पाहिला ते आठवायला संध्याकाळ झाली. तेवढा वेळ मी घालवला.

तुझी चूक नाही. आपला तेशू नर, त्याला कधी फळ धरलं नाही. पण त्याचा पाला खाऊन एलाद्योची गाय गोठ्यात पोचायच्या आत मरून पडली, ते तू पाहिलं आहेस. सकाळी तारघरापर्यंत चालत गेलो. कारकुनाने आयबे हा कुठल्या भाषेतला शब्द म्हणून तीनदा विचारलं. जे असेल ते लिही, लपवू नकोस.

तुझे बाबा

कोलोनजवळून, १३ ऑक्टोबर

ती. बाबांस,

सा. न. सेलिना बरी आहे. तार आली तेव्हा ती फाटकाशीच होती, तोंड लाल. तिला उचलून पळाले. पाय अनवाणी आहेत हे दवाखान्यात कळलं. लाल गराने काही होत नाही, विष बीत असतं. डॉक्टर एकच विचारत होते, बिया चावल्या का? मला समजेना, तेव्हा त्यांनी दात वाजवून दाखवले. मी पोरीला विचारलं. ती म्हणाली, "बी थुंकायची. आजीने सांगितलंय." गेल्या उन्हाळ्यात आईने तिला चेरी खायला शिकवलं होतं.

दोन दिवस तिथे ठेवून घेतलं. आता ती खेळते आणि मी तिचा श्वास बघत बसते. अंगणात आणखी तीन झाडं आहेत. त्यांची इथली नावं या कागदाच्या मागच्या बाजूला लिहिलीत. आईच्या वहीत बघून लगेच कळवा.

तुमची, डेल्फिना

विल्यार, १८ ऑक्टोबर

चि. डेल्फिनास अनेक आशीर्वाद.

वही दोनदा वाचली, शेवटच्या पानापर्यंत. तिच्यात एकच झाड आहे. बाकीच्यांचं तिथेच विचार. मोडक्या जर्मनमध्ये विचार, लाज वाटली तरी विचार, आणि पूर्ण कळेपर्यंत मालकिणीला सोडू नकोस. तोवर पोरीला अंगणात एकटी धाडू नकोस.

सेलिनाला माझा मुका.

तुझे बाबा