घंटा वाजण्याआधी

मी थोरा, हेल्मार बेटांची राणी, वय वर्षे शहात्तर, राहणार राजवाडा, लिन्हावन, आज पूर्ण शुद्धीवर असताना, स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. ‘कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे’ असे लिहिण्याची माझी ही पहिलीच वेळ. चोपन्न वर्षे राज्य केले ते सगळे सांगण्यावरूनच. डॉक्टर म्हणतात, नाताळ बघाल. पण डॉक्टरही दरबारचेच, तेव्हा मी तेवढे धरून चालत नाही.

आमच्या घटनेप्रमाणे राणीच्या सहीखाली मंत्र्याची सही नसेल, तर राणीची सही म्हणजे नुसती शाई. या कागदाखाली मंत्र्याची सही असणार नाही. कायद्यापुढे तो टिकायचा नाही हे मला पक्के ठाऊक आहे. तरी लिहिते, कारण माझा मुलगा आइनार याने तो वाचावा, आणि थोरली घंटा वाजण्याआधी वाचावा, एवढीच माझी इच्छा आहे.

कलम १. राजवाडा, मुकुट, सोन्याची गाडी, भिंतींवरचे पूर्वज आणि त्यांच्या मिशा हे सर्व सरकारचे आहे. त्यावर माझा वारस म्हणून कोणी हक्क सांगू नये. मुकुटाने मान धरते. आइनार, आत फ्लॅनेलची पट्टी लावून घे.

कलम २. माझे स्वतःचे म्हणावे असे फारसे नाही. आईची झुलती खुर्ची, रबरी बूट आणि दोन्ही कुत्री मी बेरित हिला देते. बेरित लग्नाआधीपासून माझे कपडे सांभाळते आणि मला रागावण्याची मुभा या देशात तिच्या एकटीलाच आहे. काल तिला हे सांगितले तर म्हणाली, “खुर्ची द्या. कुत्री नकोत मला, मेली चावतात.”

“म्हणूनच देतेय. माझी आठवण राहील.”

“तुमची आठवण काढायला मला चावून घ्यायची गरज नाही,” असे म्हणून ती जी बाहेर गेली ती तासभर आलीच नाही. आली तेव्हा नाक लाल होते. कुत्री तिलाच मिळावीत.

कलम ३. माजी पंतप्रधान ओस्कार टेल्नेस यांना मी माझे पांढरे हातमोजे देते. कारण लिहिणे भाग आहे.

माझी मुलगी सिग्ने हिने स्कार्वे बेटावरच्या आस्लाक या मच्छीमाराशी लग्न केले. राजे नकोत असे सभांमधून सांगत फिरणारा हा माणूस, तेव्हा मंत्रिमंडळाने संमती दिली नाही. सिग्नेने पदवी सोडली, दागिने परत केले आणि बोटीत बसून निघून गेली. ‘राणीने तिला भेटणे इष्ट नाही’ असा सल्ला मला देण्यात आला. आमच्याकडे सल्ला म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे. मी भेटले नाही. सहाव्या हिवाळ्यात तिच्या फुप्फुसांनी दगा दिला. तिला मूठमाती द्यायची होती त्याच दिवशी संसदेचे अधिवेशन उघडायचे होते. सकाळी टेल्नेस आले.

“महाराणीसाहेब, आपण तिथं गेलात तर सरकारनं ते लग्न मान्य केलं असं दिसेल. निवडणूक तोंडावर आहे.”

“टेल्नेस, माझी मुलगी गेलीय.”

“आम्हा सर्वांनाच फार वाईट वाटतंय. आपले डोळे सुजलेले असणार, म्हणून भाषण मोठ्या अक्षरांत छापून आणलंय.”

काळे कपडे घालायलाही परवानगी नव्हती. पांढरे हातमोजे घालून मी सिंहासनावर बसले आणि मोठ्या अक्षरांतले वाचत गेले, “माझ्या सरकारला मच्छीमारांच्या कुटुंबांची विशेष काळजी आहे.” त्याच वेळी स्कार्वेच्या धक्क्यावरून माझ्या पोरीची पेटी चार मच्छीमार खांद्यावर घेऊन चढ चढत होते. माझा आवाज एकदाही कापला नाही याबद्दल दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी माझे कौतुक केले. आग लागो त्या कौतुकाला.

टेल्नेस अजून ठणठणीत आहेत, रोज सकाळी समुद्रात पोहतात. माझ्या अंत्ययात्रेला त्यांनी हेच हातमोजे घालावेत.

कलम ४. आईने मला दिलेली शिडाची होडी मी माझे जावई आस्लाक यांना देते. त्यांना जावई म्हणून मी कधी हाक मारली नाही. सिग्ने गेल्यापासून दर शरदात त्यांच्याकडून खारवलेल्या हेरिंगचे एक पिंप वाड्यावर येते. सोबत चिठ्ठी नाही, निरोप नाही. पहिले पिंप पहारेकऱ्यांनी संशयाने बंदरात बुडवले. दुसरे बेरितने पदराआड लपवावे तसे स्वयंपाकघरात नेले. तेव्हापासून रात्रीच्या मेजवानीत काहीही असो, सकाळी राय धान्याच्या काळ्या पावावर मी तो मासा खाते. मीठ फार असते. जावईबापू, होडीचे सुकाणू डावीकडे ओढते, सांभाळा.

कलम ५. आता माझ्या देहाबद्दल.

कॅथेड्रलमध्ये माझे पती लुडविग यांच्याशेजारी माझी जागा तयार आहे. दगडावर माझे नाव कोरलेले आहे, जन्माचे साल कोरलेले आहे, पुढे एक आडवी रेघ आणि मोकळी जागा. दर ईस्टरला त्या मोकळ्या जागेसमोर बसून मी प्रवचन ऐकले. लुडविग भला माणूस होता, पण त्याच्या घोरण्याशेजारी मी एकतीस वर्षे काढली. मला तिथे जायचे नाही. मला स्कार्वेला, चढावरच्या दफनभूमीत, सिग्नेशेजारी ठेवावे.

हे मी सध्याच्या पंतप्रधानबाईंना चहाच्या वेळी विचारून पाहिले. त्या म्हणाल्या, “कल्पना फार हृद्य आहे, महाराणीसाहेब. पण एवढ्या राष्ट्रप्रमुखांना त्या धक्क्यावर उतरवायचं कसं?” आणि त्यांनी वेलदोड्याचा आणखी एक पाव घेतला.

मग आइनारला विचारले.

“आई, असं अभद्र काय बोलतेस?”

“नेशील का तेवढं सांग.”

“बघू ना. त्यांच्याशी बोलून बघतो.”

बाळा, वयाच्या पन्नाशीला आलास, पण तुझे ‘बघू’ काही सुटले नाही. तुला दोष देत नाही. तुला तसे वाढवले ते याच घराने.

पण ऐक. आमच्या रिवाजाप्रमाणे कॅथेड्रलची थोरली घंटा राजा किंवा राणी मेल्यावरच वाजते, एरवी कधीही नाही. तिचा पहिला ठोका पडला की प्रेत सरकारचे होते आणि वारस राजा होतो. राजा झाला की तो सल्ल्याने बांधला गेला. ठोका पडेपर्यंत मात्र मेलेली बाई फक्त कोणाची तरी आई असते आणि मुलगा फक्त मुलगा. हे मी पुस्तकात वाचून शिकले नाही. बाबा गेले तेव्हा मी बावीस वर्षांची होते, जिन्यावरून धावत होते. मी पोचायच्या आतच दरबारप्रमुखांनी खिडकीतून रुमाल हलवला आणि घंटा वाजली. दारावरचे शिपाई आडवे आले. “महाराणीसाहेब, आता आत जाता येणार नाही.” मला महाराणी म्हटलेले ते पहिले वाक्य. बाबांचे डोळे मला मिटता आले नाहीत. कोणी मिटले तेही मला कळले नाही.

म्हणून गेल्या आठवड्यात मी घंटा सांभाळणाऱ्या योस्टेन यांना बोलावले.

“योस्टेन, थोरलीचा लोलक काढता येतो का?”

“येतो की. कातडी पट्ट्यावर तर लटकलाय. पण महाराणीसाहेब, माझी नोकरी जाईल हो!”

“वय काय तुमचं?”

“ऐंशीला दोन कमी.”

“मग जाऊ दे की नोकरी!”

ते आधी घाबरले, मग हसले, मग डोळे पुसायला लागले. सिग्नेच्या बाप्तिस्म्याला लहान घंटा त्यांनीच वाजवली होती. त्यांनी आणि त्यांच्या पुतण्याने लोलक धुण्याच्या टोपलीत, चादरींखाली घालून आणला. तो आता माझ्या पलंगाखाली आहे. कोणी कितीही रुमाल हलवू देत, थोरली मुकी आहे.

कलम ६, आणि शेवटचे. सदर लोलक मी माझा मुलगा आइनार याला देते. दुसरे काही द्यायला माझ्याकडे नाही.

आइनार, माझे डोळे तू मिट. दाराला आतून कडी लाव. बेरित आस्लाकना निरोप पाठवील, ते होडी मागच्या धक्क्याला आणतील. तुझ्यावर कोणी ओरडले तर ओरडू दे, तू अजून राजा नाहीस, तुला कोणाचेच ऐकायचे नाही. असा वेळ तुला जन्मात पुन्हा मिळणार नाही. मला तिच्याजवळ ठेव, वर माती घाल, मग परत ये आणि लोलक जागेवर लाव. आणि हे तुला जमलेच नाही, तर लोलक आधी लाव. मी काही बोलू शकणार नाही. बोलायची मला सवयही नाही.

ठिकाण: राजवाडा, लिन्हावन
दिनांक: ऑक्टोबरचा पहिला मंगळवार, माझ्या कारकिर्दीचे चोपन्नावे वर्ष

सही: थोरा
(खाली मंत्र्याची सही नाही.)

साक्षीदार १: योस्टेन ब्राटली, घंटावाला, कॅथेड्रल. राणीसाहेबांनी माझ्यासमोर सही केली. हात कापत होता, त्या नाही.

साक्षीदार २: बेरित मोएन, राणीसाहेबांची दासी. सही पाहिली. लोलक पलंगाखाली आहे, झाडताना रोज पायाला लागतो. आइनारसाहेब, दाराची कडी जरा घट्ट आहे. मी तेल घालून ठेवलंय.